आपण त्याला पाणी म्हणत होतो

मामा, परवा साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून एक कागद पुढं केला. तुमच्याविषयीचा. टाइप केलेल्या चार ओळी, खाली सहीसाठी रेघ आणि रेघेखाली माझं नाव आधीच छापलेलं. कागद असा होता: ‘कामगार लिंबाजी यांनी मशीन चालू असताना निष्काळजीपणे दार उघडले. त्यामुळे पाण्याचा फवारा लागून त्यांच्या बोटास किरकोळ जखम झाली. पुढील गुंतागुंत त्यांना असलेल्या मधुमेहामुळे झाली. कंपनीने तातडीने उपचार मिळवून दिले.’ तू तिथंच उभी होतीस, म्हणून तुझी सही लागेल, असं साहेब म्हणाले. पेनाचं टोपण त्यांनी स्वतः काढून दिलं.

मी सही केली नाही. टोपण परत लावलं आणि खाली येऊन तुमच्या मशीनपाशी उभी राहिले. तुम्हाला जाऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते.

निष्काळजी. हा शब्द मी दोन दिवस तोंडात घोळवतेय आणि तो गिळता येत नाही. जो माणूस ड्रिल बसवण्याआधी ते मलमलच्या फडक्यानं पुसायचा, फडकं झटकून घडी घालून खिशात ठेवायचा, पहिला पार्ट तीनदा मोजायचा आणि तिन्ही वेळा आकडा सारखा आला तरी चौथ्यांदा दुसऱ्या मशीनवरच्या अस्लमभाईंकडून मोजून घ्यायचा, त्या माणसाच्या नावापुढं निष्काळजी. फिल्टर धुवायचं काम कुणाचंही असलं तरी तुम्ही ते दुसऱ्याला करू दिलं नाही. एकदा मी धुतला, तर उजेडाकडं धरून तुम्ही त्यात राहिलेला एक कण मला दाखवला होता. मोहरीच्या दाण्याच्या पावपट. म्हणाला होतात, “ह्यो एवढुसा जाऊन बसला ना तोटीच्या तोंडाला, की सगळी धार वाकडी. मंग बस बोंबलत.”

म्हणून हा लेख लिहितेय. तुमचा जन्म कुठं झाला, शिक्षण किती, मागं कोण कोण आहे, हे छापणारे छापतील. मला त्या चार ओळींशी भांडायचंय. आणि भांडता भांडता तुमच्याशीही, कारण आपलं भांडण अर्धंच राहिलंय.

*

केजजवळच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मी आले तेव्हा मला वाटायचं, लेथ म्हणजे लेथ. आयटीआयमध्ये मी दोन वर्षं लेथच चालवला होता. तिथं सळई एका जागी धरलेली असते आणि हत्यार तिच्या अंगावरून सरकत जातं. तुमच्या मशीनवर उलटं. सळईच एका बारीक बुशमधून पुढं येते आणि हत्यार त्या बुशच्या तोंडाशी वाट बघत बसतं. सुईला दोरा ओवल्यासारखं काम. करंगळीपेक्षा बारीक स्टीलचे पार्ट, त्यांना दोन मिलिमीटरचं भोक, तेही चांगलं खोल. आपल्याच जिल्ह्यातल्या कडा भागातून पुण्याला जाऊन वीस वर्षं तुम्ही हेच काम केलंत आणि परत जिल्ह्यात येऊन आम्हाला शिकवलंत.

पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून मशीनवर चिपांची जट झाली. स्टीलचा कीस तुटला नाही, सळईला गुंडाळत गेला, आणि बघता बघता साधूच्या डोक्यावर असते तशी जटा. ड्रिल आत मोडलं. मी घाबरून आपल्या ‘पाण्याचा’ वरचा पाइप आणखी उघडला, धो धो सोडलं. तुम्ही मागून आलात आणि आधी मशीन बंद केली.

“वरून आंघोळ घालून काय उपेग हाय? तहान कुठं लागलीय ते बघ की.”

तहान हत्याराच्या कापणाऱ्या कडेला लागलेली असते, हे मला तेव्हा कळलं. हत्यार जिथं धातू कापतं तिथं इतकी उष्णता असते की वरून कितीही ओता, ते चिपेवरून ओघळून जातं, चिपेच्या खाली शिरत नाही. म्हणून ते हत्याराच्या पोटातून आणायचं, केसाएवढ्या भोकातून, शंभर बारच्या दाबानं, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या हवेच्या चाळीसपट जोरानं, थेट कापणाऱ्या कडेवर. मग चिप वर उचलली जाते, थंड होते, कडक होऊन कटाकटा तुटते आणि तांदळाच्या कणीसारखी खाली पडते. खोल भोकात तर दुसरा मार्गच नाही. ड्रिलच्या आतून धार गेली तरच कीस बाहेर येतो, नाहीतर आतच कोंडून ड्रिल मोडतं.

पाच हत्यारं आणि पंप एकच. सगळ्यांना एकदम सोडलं की दाब पडायचा. मी पाचही नळ्या उघड्या ठेवल्या होत्या, आणि तुम्ही मला विचारलंत, शेतात कधी दारं धरलीत का. धरली होती. माझ्या आजोळी उसाला पाणी देताना मी पाटावर उभी राहायचे, एका सरीचं दार मोडून पाणी आत घ्यायचं, ती भरली की चिखल लावून ते दार बंद आणि पुढच्या सरीचं उघडायचं. तुम्ही म्हणालात, मग हेच. ज्याची बारी त्याचंच दार उघडायचं. बाकीच्यांनी थांबायचं. दोन वर्षांच्या आयटीआयमध्ये जे कुणी सांगितलं नाही ते मला तुम्ही उसाच्या सरीवरून एका दुपारात शिकवलंत. मी त्या दिवशी प्रोग्राम बदलला, प्रत्येक हत्याराच्या बारीला फक्त त्याची नळी उघडेल असा. त्यानंतर जट झाली नाही.

मी तुम्हाला धन्यवाद म्हणाले नव्हते. म्हणाले असते तर तुम्ही हसला असतात.

*

आता शब्दाविषयी.

आपण त्याला पाणी म्हणत होतो. पाणी वाढव, पाणी गाळ, पाणी बदल, पाण्याचा प्रेशर बघ. शेडमध्ये आधी ज्या जुन्या मशीन होत्या त्यांच्यात खरंच पाणी असायचं, दुधासारखं पांढरं, थोडं तेल मिसळलेलं. त्या मशीन भंगारात गेल्या, या नव्या आल्या, यांच्या टाकीत पाण्याचा थेंब नाही, नुसतं पिवळं तेल. पण शब्द जुनाच राहिला. तुम्ही पाणी म्हणायचात, अस्लमभाई पानी म्हणायचे, साहेबही पाणीच म्हणायचे. टाकीवर कंपनीची इंग्रजी पाटी होती, ती कुणी वाचत नव्हतं. मीही नाही. आणि माझी तर ख्याती होती सगळं वाचणारी म्हणून.

माझे वडील ऊसतोड कामगारांच्या सभांची पत्रकं सायकलवरून गावोगाव वाटायचे. मी अक्षरं त्याच पत्रकांवर गिरवली. हे तुम्हाला कळल्यापासून माझं नावच गेलं. “आलं का पत्रक कामाला?” सकाळी गेटवर तुमचं पहिलं वाक्य. डबा उघडला की, “काय म्हनतंय पत्रक, भाजी कशाची?” मी रुसले की अस्लमभाईंना डोळा मारून, “आज पत्रक छापायला गेलंय, बोलू नगंस बे तिच्याशी.”

मला राग यायचा आणि आवडायचंही. दोन्ही खरं.

तर त्या पत्रकानं मागच्या उन्हाळ्यात खरंच एक पत्रक लिहिलं. दाराच्या स्विचवर. या मशीनचं दार उघडलं की पंप बंद पडायला हवा. दारावर लोखंडी जीभ असते, ती स्विचमध्ये शिरली तरच मशीनला कळतं की दार बंद आहे. आपल्या दोन्ही मशीनवर ती जीभ दारावरून काढून स्विचमध्ये कोंबून तारेनं बांधलेली होती. दार सताड उघडं असलं तरी मशीनला वाटायचं बंदच आहे, आणि शंभर बारची धार चालू राहायची.

ती तार तुम्ही बांधली होती, मामा. साहेबांच्या डोळ्यांदेखत, पण तुमच्याच हातानं.

मी पत्रकात लिहिलं की हे धोक्याचं आहे, स्विच जोडून द्या, आणि खाली सगळ्यांच्या सह्या हव्यात. अस्लमभाईंनी वाचून बाजूला ठेवलं, आधी मामांची घे म्हणाले. तुम्ही चष्मा लावून पूर्ण वाचलंत, परत दिलंत आणि म्हणालात, “स्विच जोडला तर मी धार कशी बघू? आन् धार बघितल्याबिगर जॉब कसा लावू? ते सांग, मंग सही करतो.”

मला सांगता आलं नाही. तुमचं खरं होतं. जॉब लावणं म्हणजे नव्या पार्टसाठी हत्यारं आणि धारा जुळवणं. काचेवर तेलाचा पडदा असतो, आतलं काही दिसत नाही. धार कडेवर बसतेय की केसभर वर जातेय हे दार उघडूनच कळतं, आणि केसभर वर गेली की सगळी मेहनत वाया. मशीनमध्ये त्यासाठी एक सोय होती. ती चालू ठेवली की दार उघडल्यावर पंप बंद न पडता दाब अगदी कमी व्हायचा, धार दिसायची पण टोचायची नाही. तिचा व्हॉल्व्ह बिघडला होता. तुम्ही साहेबांना तीनदा तोंडी सांगितलं होतंत. तिन्ही वेळा पुढच्या महिन्यात बघू असं उत्तर आलं. लिहून द्या, मी म्हणत होते. तुमच्या नावानं, तारीख घालून, पोच घेऊन.

“कागदानं मशीन चालत न्हाई, पोरी.”

“मशीन कशानंही चालते मामा, बंद कागदानं पडते,” मी म्हणाले होते. आपण त्या दुपारी तासभर भांडलो. डबे तसेच राहिले. तुम्ही म्हणत होतात, माझा हात चुकत नाही. मी म्हणत होते, हाताचा प्रश्नच नाही. शेवटी तुम्ही सही न करता उठलात, आणि मी ते पत्रक घडी घालून पिशवीत ठेवलं, ते आजपर्यंत तिथंच आहे. तुमची सही नसताना ते द्यायला हवं होतं. माझी एकटीची सही पुरेशी होती. हे मला तेव्हा माहीत होतं. तुमचा मान राखला असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर तुम्ही आठवडाभर बोलणार नाही याची भीती वाटली.

काल ते पत्रक उघडून पाहिलं. तिसऱ्या ओळीत मी लिहिलंय, ‘पाण्याच्या एवढ्या प्रेशरमुळे’. मीसुद्धा.

*

नवा जॉब लागला होता. ड्रिल किंचाळत होतं, दाबाचा काटा शंभरवरून ऐंशीवर येऊन थरथरत होता. कुठंतरी गळत होतं. तुम्ही दार उघडलंत, वाकलात, आणि डाव्या हाताचं पहिलं बोट नळीवरून हळूहळू फिरवत नेलंत.

हे कुठल्या पुस्तकात सापडणार नाही, म्हणून सांगते. आपल्याकडं ठिबकची नळी फुटली की अशीच शोधतात. काळी नळी, काळी माती, भोक दिसत नाही, म्हणून बोट फिरवत जायचं, जिथं ओलं गार लागेल तिथं भोक. तुम्ही शेतात हे कितीदा तरी केलेलं होतं. मीही. त्या क्षणी मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. मी दोन हात अंतरावर उभी होते आणि माझ्या मनात एवढंच आलं की बरं झालं, मामा शोधतायत.

तुम्ही हात मागं घेतलात. “मुंगी चावल्यावानी झालं.” बोटाच्या पेरावर एक ठिपका. रक्तसुद्धा नाही. तुम्ही मलमलच्या फडक्यानं पुसलंत, नळी बदललीत, पहिला पार्ट काढून मोजलात. मी दवाखान्यात चला म्हणून मागं लागले तेव्हा अस्लमभाई हसले, “पत्रक घाबरलं.” तरी मी तुम्हाला स्कूटीवर बसवून नेलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नीट पाहिलं. मी त्यांना दोष देत नाही. काय लागलं, त्यांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, पाण्याची चिळकांडी लागली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, हो, मशीनच्या पाण्याची.

हे वाक्य माझं आहे. मी ते कुणावर ढकलणार नाही. शब्दांवर वाढलेली मी, दुसऱ्यांच्या कागदातल्या चुका काढणारी मी, आणि जिथं एका शब्दावर तुमचा हात अवलंबून होता तिथं मी चुकीचा शब्द बोलले, तोही तुम्हाला दुजोरा द्यायला. डॉक्टरांनी जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, मलम लिहून दिलं. पाणीच तर होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर आलात. डावा हात छातीशी धरलेला, सगळं उजव्या हातानं. बोट सुजलं होतं आणि पांढरं पडलं होतं. विचारलं तर म्हणालात, आराम करतंय ते. तिसऱ्या दिवशी सकाळी सूज कोपरापर्यंत गेली होती, अंगात ताप होता, आणि मामींनी मला फोन केला. अस्लमभाईंनी गाडी काढली, आपण अंबाजोगाईला गेलो.

तिथल्या सर्जनबाईंनी तोच प्रश्न विचारला आणि आपण तेच उत्तर दिलं. पण त्या थांबल्या. कसलं पाणी, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, पिवळं असतं. त्यांनी लिहिणं थांबवून मान वर केली.

“पिवळं पाणी?”

“तेल असतं ते,” मी म्हणाले. पहिल्यांदा.

“किती दाबाचं?”

“शंभर बार.”

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि नर्सला हाक मारली. धावपळ सुरू झाल्यावर चालता चालता त्या मला समजावत होत्या. बाहेरून ठिपका दिसतो, पण तेल आत नसांच्या कडेनं हातभर पसरत जातं आणि मांस कुजवतं. असं लागलं की त्याच दिवशी हात उघडून धुवावा लागतो, काही तासांत. त्यांनी मला रागावून विचारलं नाही की पहिल्या दिवशी हे का सांगितलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

*

ऑपरेशननंतर तुम्ही दोन दिवस शुद्धीवर होतात. मी आले की तुम्ही मामींना चहाला पाठवायचात आणि मला जॉबचं विचारायचात. भोक सरळ येतंय का. चिप कशी पडतेय, कणी की तार. मी सांगितलं, कणी. तुम्ही डोळे मिटून मान हलवलीत, कुणी गोड काही भरवावं तशी.

मग म्हणालात, “लिहितीस का न्हाई मंग माझ्यावर पत्रक?”

“लिहिते. सही करता का?”

“तू बरूबर होतीस असं काय मी म्हननार न्हाई,” तुम्ही म्हणालात. “तुला धार बघायचं उत्तर अजून सापडलं न्हाई.” आणि हसलात. तुमचा ताप तेव्हा मला खुर्चीवरून जाणवत होता.

मला तेव्हा एक गोष्ट सांगायची होती. की दवाखान्यात पाणी मी म्हणाले, आणि त्यामुळे दोन दिवस गेले. मी तोंड उघडलं आणि मामी चहा घेऊन आल्या. नंतर संसर्ग रक्तात गेला आणि तुम्ही बोलायचं थांबलात. आता सांगते. तुमच्यापर्यंत जात नसेल, तर जे वाचतायत त्यांना सांगते. जिथं जिथं हे मशीन चालतं, तिथं त्याला तेल म्हणा. दवाखान्यात जाल तेव्हा आधी तेल म्हणा, मग दाब सांगा, मग आपलं नाव सांगा.

*

भेटायला येणाऱ्यांनी मामींना हैराण केलं. कसे गेले, काय लागलं, आणि मामी तुमच्याकडून ऐकलेलंच सांगायच्या, मशीनचं पाणी लागलं. एक बाई माझ्यासमोर म्हणाली, पान्यानं मानूस मरतं व्हय गं. मामी उठून आत गेल्या. त्या बाईला वाटलं काहीतरी लपवतायत, दारू वगैरे. मी तिथंच सांगितलं की पाणी नव्हतं, तेल होतं, सुईपेक्षा बारीक आणि सुईपेक्षा जोरात. बाईनं ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, पण मशीनचं पाणीच ना ते? एकदा चिकटलेला शब्द निघत नाही, मामा. म्हणूनच साहेबांच्या कागदात तो इतका आरामात बसलाय. पाण्याचा फवारा. किरकोळ जखम. ते वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या डोळ्यासमोर बागेतली नळी येईल. मधुमेह असेलही, पण हात तेलानं कुजला. आपलाच शब्द उचलून त्यांनी आपल्यावर लावला.

दहावं झाल्यावर मी माझा स्वतःचा जबाब लिहिला. टाइप नाही, हातानं. लिहून मामींकडं घेऊन गेले, कारण त्यात एक ओळ अशी होती की ती त्यांना विचारल्याशिवाय द्यायचा मला अधिकार नव्हता. अस्लमभाई बरोबर होते. ते दाराशीच उभे राहिले.

मामी म्हणाल्या, मला वाचता येतं पण आज नको, तू वाच. मी वाचायला लागले.

‘आम्ही ज्याला पाणी म्हणतो ते तेल आहे. त्याचा दाब शंभर बार होता. दाराचा स्विच तारेने बांधलेला होता. कमी दाबाची सोय बंद होती आणि लिंबाजीमामांनी ती दुरुस्त करण्यास तीनदा सांगितले होते. स्विचची तार त्यांनी स्वतः बांधली होती, साहेबांच्या समोर. त्या दिवशी दार त्यांनी स्वतः उघडले.’

मी थांबले. मामींनी पदर सरळ केला. मग म्हणाल्या, “तार त्यांनीच बांदली, हे लिवायलाच पायजे का? लोक म्हनतील, ह्याचीच चूक.”

मी म्हणाले, मामी, हे सोडलं तर बाकीचंही कुणी खरं मानणार नाही. ते अर्धं खरं सांगतायत म्हणून त्यांचा कागद खोटा आहे. आपला अर्धा असून चालणार नाही. अस्लमभाई दारातून म्हणाले की तार दुसऱ्या मशीनवर पण आहे, ती मी बांधलीय, माझंही लिही.

मामी भिंतीकडं बघत होत्या. “घरात बी असंच करायचे. फ्यूज उडाला की तार लावायचे. मी म्हनायचे, अवो नका.” मग माझ्याकडं वळल्या. “वाच फुडं.”

मी पुढं वाचलं. नळीवर बोट का फिरवलं ते. दवाखान्यात काय सांगितलं ते, आणि ते सांगणारी मी होते ते. शेवटी तीन मागण्या. दोन्ही मशीनचे स्विच जोडावेत, व्हॉल्व्ह बसवावा, आणि टाकीवर मराठीत ठळक लिहावं की हे तेल आहे.

मामींनी कागद मागून घेतला. माझ्या सहीच्या शेजारी त्यांनी सही केली, पूर्ण नाव, तुमच्या नावासकट. त्यांच्याखाली अस्लमभाईंनी.

आज सकाळी साहेबांना दिला. एक प्रत सरकारी कचेरीत जाणार, हेही सांगितलं. त्यांनी दोनदा वाचला. वाईट माणूस नाही तो, घाबरलेला आहे. म्हणाले, यात तुझंही नुकसान आहे, तो दवाखान्याचा भाग काढ, लिंबाजीचंही नाव खराब होतंय. मी म्हणाले, काहीही काढणार नाही, पोच द्या. मग त्यांनी विचारलं, ऑर्डर अडकलीय, लिंबाजीच्या मशीनवर आजपासून कोण उभं राहणार. स्विच जोडेपर्यंत मी नाही, मी म्हणाले. त्यांनी अस्लमभाईंकडं पाहिलं. अस्लमभाईंनी हातमोजे काढून टेबलावर ठेवले.

पोच मिळाली. शिक्का थोडा तिरका आहे, पण तारीख वाचता येते.

तर मामा, तुमची मशीन बंद आहे, आणि ती मी बंद पाडलीय, कागदानं. तुम्ही असतात तर ही सही केली नसतीत, आठवडाभर बोलला नसतात, आणि गेटवर माझ्याकडं न बघता आत गेला असतात. जा. मी तुमच्या बाजूनं लिहिलंय आणि त्यात तुमची चूक लिहिलीय, कारण तुम्हाला देवमाणूस करून भिंतीवर टांगलं तर उद्या तिथं उभा राहणारा माणूसही तसंच बोट फिरवेल. व्हॉल्व्ह येईल तेव्हा येईल. तोपर्यंत धार न बघता जॉब कसा लावायचा, हा तुमचा प्रश्न माझ्या अंगावर आहे, आणि खरं सांगते, त्याचं उत्तर मला अजून येत नाही. ते मी शोधणार आहे. पण दार लावून.